लग्नाच्या डीव्हीडी एकाच डिस्कवर आणताना या चुका टाळा

ताईचं लग्न २००८ सालचं. स्टुडिओवाल्याने तेव्हा तीन डीव्हीडी दिल्या होत्या: पहिलीत हळद आणि सीमांतपूजन, दुसरीत लग्न, तिसरीत पाठवणी आणि गृहप्रवेश. शिवाय न्यू जर्सीहून आलेल्या मामांनी त्यांच्या हँडीकॅमवर घेतलेल्या दोन छोट्या डिस्क. आईला हे सगळं एका डिस्कवर हवं होतं. गुडघे दुखतात, दर तासाने उठून डिस्क बदलणं तिला जमत नाही. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. प्रत्यक्षात तीन रविवार गेले, कारण खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या.

फाइली उचलून एका फोल्डरमध्ये टाकणे

डीव्हीडी कॉम्प्युटरवर उघडली की व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर दिसतं. आत व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा तीन प्रकारच्या फाइली असतात. चित्र आणि आवाज व्हीओबीत असतो, आणि ती फाइल १ जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणून एक तासाचं शूटिंग चार-पाच तुकड्यांत दिसतं. कुठला तुकडा कुठे सुरू होतो, प्रकरणं कुठे आहेत, मेनूतलं बटण दाबल्यावर कुठे जायचं, हा सगळा नकाशा आयएफओत असतो. बीयूपी ही त्या नकाशाचीच जादा प्रत.

अडचण अशी की प्रत्येक डीव्हीडीवर या फाइलींची नावं तीच असतात. दुसऱ्या डिस्कच्या फाइली पहिल्याच्या फोल्डरमध्ये टाकल्या की कॉम्प्युटर ‘रिप्लेस करू का?’ विचारतो, आपण घाईत हो म्हणतो, आणि हळद पुसून तिच्या जागी लग्न येतं. नावं बदलून पुढचे आकडे दिले तरी उपयोग नाही. आयएफओच्या नकाशात त्या नव्या फाइलींची नोंदच नसते, त्यामुळे प्लेअर त्यांच्याकडे बघतही नाही.

मग कुणीतरी सुचवतं की सगळ्या व्हीओबी एकामागे एक जोडून एकच मोठी फाइल कर. एकाच डिस्कच्या, एकाच कार्यक्रमाच्या तुकड्यांना हे चालतं. वेगवेगळ्या डिस्कना नाही. प्रत्येक डिस्कचं आतलं घड्याळ शून्यापासून सुरू होतं, आणि जोडाच्या जागी ते अचानक मागे गेलं की प्लेअर गोंधळतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात दुसरी डिस्क सुरू झाल्यापासून आवाज मागे पडला. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, ताईने हार घातला, आणि त्यानंतर भटजींचं ‘सावधान’ ऐकू आलं. आईने ते बघितलं नाही हे बरं झालं.

योग्य वाट अशी: प्रत्येक डिस्कवरून एकेक टायटल, म्हणजे सलग चालणारं एक चित्रण, स्वतंत्र, पूर्ण फाइल म्हणून काढा. व्हीओबीटूएमपीजी हे छोटं सॉफ्टवेअर दर्जा न घटवता एमपीजी फाइल बनवून देतं. मग डीव्हीडीस्टायलरसारख्या मोफत ऑथरिंग (म्हणजे डीव्हीडीची रचना करून देणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये त्या फाइली वेगवेगळी टायटलं म्हणून लावा. ते नवा नकाशा स्वतः तयार करतं. तिथे व्हिडिओच्या गुणधर्मांत ‘कॉपी’ हा पर्याय आहे का बघा. मूळ फाइल डीव्हीडीच्या नियमात बसत असेल तर पुन्हा एन्कोड करण्याची, म्हणजे चित्र नव्याने दाबून लिहिण्याची, गरज नसते, आणि कामही किती तरी लवकर होतं.

आकार न मोजता सुरुवात करणे

डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. विंडोज मात्र तीच डिस्क सुमारे ४.३८ जीबीची दाखवतं, कारण कंपनी १००० च्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. डिस्कमध्ये खोट नाही, पण ४.६ जीबीचं फोल्डर तिच्यावर मावणार नाही हे आधीच लक्षात घ्या.

आता खरा प्रश्न. स्टुडिओच्या तीन डीव्हीडी प्रत्येकी ४ जीबीच्या वर असतील, तर बेरीज १२-१३ जीबी होते. ती एका साध्या डिस्कवर बसवायची तर चित्र दाबावं लागणार. दोन तासांचं शूटिंग एका डिस्कवर घेतलं तर सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट वाट्याला येतात, आणि चित्र चांगलं राहतं. तीन तासांना साडेतीन मेगाबिट उरतात. चार तासांना जेमतेम अडीच. हॉलमध्ये व्हिडिओलाइटच्या उजेडात घेतलेलं शूटिंग मुळातच दाणेदार असतं, आणि अशा चित्राला जास्त जागा लागते. चार तास कोंबले तेव्हा ताईच्या शालूची जर चौकोनी ठिपक्यांत विरघळली. लोक चालू लागले की चेहऱ्यांवर चौकटी दिसत.

माझं स्पष्ट मत आहे की एका साध्या डिस्कवर अडीच तासांपेक्षा जास्त घेऊ नये. त्याहून जास्त असेल तर दुहेरी थराची ८.५ जीबीची डिस्क वापरा. आधी तुमचा ड्राइव्ह आणि घरचा प्लेअर ती वाचतो का हे बघून घ्या. नाहीतर जेवणाच्या पंगतींची वीस मिनिटं कापा. दर्जा घालवण्यापेक्षा पंगत गेलेली परवडली. आम्ही शेवटी दुहेरी थराची घेतली.

उलटही होतं, म्हणून मोजायला सांगतोय. घरच्या रेकॉर्डरवर लाँग प्ले मोडमध्ये (कमी दर्जात जास्त वेळ भरणाऱ्या) केलेल्या डिस्क कधी कधी सव्वा-दीड जीबीच्याच असतात. अशा तीन डिस्क काहीही न दाबता एकीवर बसू शकतात, आणि तिथे सॉफ्टवेअरला उगाच पुन्हा एन्कोड करू देणं म्हणजे फुकटचं नुकसान.

डिस्क कोरी दिसते म्हणून ती फॉरमॅट करणे

हँडीकॅमवर किंवा रेकॉर्डरवर भरलेली डिस्क शेवटी ‘फायनलाइज’ करावी लागते. तोवर बाकीच्या यंत्रांना तिच्यावर काय आहे ते कळत नाही. मामांची एक डिस्क अशीच होती. ड्राइव्हमध्ये घातली तर विंडोजने ती कोरी समजून तयार करू का विचारलं. तिथे ‘हो’ म्हणू नका. पुन्हा लिहिता येणारी डिस्क असेल तर सगळं जाऊ शकतं. ज्या यंत्रावर भरली त्याच यंत्रावर फायनलाइज करणं हा सगळ्यांत सुरक्षित उपाय. ती डिस्क मामांच्या पुढच्या खेपेला त्यांच्याबरोबर परत पाठवली आणि त्यांनी तिकडे फायनलाइज करून आणली. यंत्रच राहिलं नसेल तर आयसोबस्टर हा प्रोग्राम वापरून बघा. तो फायनलाइज न झालेल्या डिस्कवरूनही बऱ्याचदा चित्रण बाहेर काढतो.

या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, अडकतात. ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्ये मधे छोटा गोल खाचा असतो, तिथे ठेवा. आणि फोल्डरचं नाव डीव्हीडी_आरटीएव्ही दिसलं तर ती व्हीआर मोडमधली, म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेगळ्या पद्धतीने भरलेली, डिस्क आहे. चित्र तिथल्या व्हीआरओ फाइलीत असतं, व्हीओबी शोधत बसू नका.

मेकएमकेव्हीने फाइली काढत असाल तर आणखी एक. ते सॉफ्टवेअर सुरुवातीच्या सेटिंगमध्ये १२० सेकंदांपेक्षा छोटी टायटलं सोडून देतं. हँडीकॅमवर छोटे तुकडे खूप असतात. आजोबा गच्चीवर तोरण बांधतानाचा मिनिटभराचा तुकडा मला असाच मिळेना. सेटिंगमधला आकडा कमी केल्यावर आला.

भारतातली आणि अमेरिकेतली डिस्क सरळ जोडणे

आपल्याकडचं शूटिंग पालमध्ये असतं: ५७६ ओळी, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेतला कॅमेरा एनटीएससी: ४८० ओळी, सेकंदाला २९.९७ फ्रेम. एकाच डिस्कवर दोन्ही सरमिसळ करू नका. जास्त चित्रण ज्या पद्धतीत आहे ती ठेवा, उरलेलं तिच्यात रूपांतरित करा. ‘कॉपी’ पर्याय इथे चालत नाही. चित्राची चौकटही तपासा. ४:३ चं चित्र १६:९ म्हणून लावलं की सगळे पाहुणे जाड आणि बुटके दिसतात. हालचाल सतत थरथरत असेल तर रूपांतरात फील्डचा (एका फ्रेमच्या एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचा) क्रम उलटा झालाय असं समजा आणि तो बदलून दोन मिनिटांचा तुकडा पुन्हा करून बघा.

डेटा डिस्क म्हणून राइट करणे

तयार झालेलं फोल्डर विंडोजमधून ‘यूएसबी ड्राइव्हसारखी’ डिस्क म्हणून टाकलं तर कॉम्प्युटरवर चालतं, टीव्हीखालच्या प्लेअरवर नाही. इमबर्न या डिस्क राइट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीडी-व्हिडिओ म्हणून राइट करा. व्हिडिओ_टीएस फोल्डर डिस्कच्या मुळाशी हवं, दुसऱ्या फोल्डरच्या पोटात नको. वेग सगळ्यांत जास्त ठेवू नका, साध्या डिस्कला ४ किंवा ८ एक्स पुरतो. ‘व्हेरिफाय’ची (लिहिलेलं नीट उतरलं का ते तपासण्याची) खूण काढू नका. आधी पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर करून बघितलं तर चांगली डिस्क वाया जात नाही. नाव लिहायला सीडी मार्कर वापरा. कागदी स्टिकर नको, त्याने डिस्क फिरताना डळमळते.

जुन्या डिस्क मात्र टाकू नका. हार्डडिस्कवर प्रत्येकीची न दाबलेली पूर्ण प्रत ठेवा, शक्य तर दोन ठिकाणी. एखादी वाचताना अडखळली तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा.

नवी डिस्क कॉम्प्युटरवर नाही, जिथे ती लागणार आहे त्या प्लेअरवर तपासा. फक्त सुरुवात बघून थांबू नका. प्रत्येक जोड, आणि दुहेरी थराची असेल तर मधला भाग, जिथे प्लेअर पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जातो. आमच्याकडे तो नेमका मंगलाष्टकांच्या मधे येत होता, क्षणभर आवाज थांबायचा. इमबर्न थर बदलायची जागा निवडू देतो. मी ती पुढे, मंडपात पाहुणे उठत असतानाच्या शॉटवर नेली, आणि डिस्क पुन्हा राइट केली.