‘ए, खाली उतर!’ : जीव टांगणीला लागलेल्या माणसाशी बोलताना या चुका टाळा

गेली काही वर्षं मी अधूनमधून ‘गच्चीवरचा माणूस’ होतो. पेशाने नाटकवाला. पुण्यात प्रायोगिक नाटकं करतो आणि ओळखीतून पोलिसांच्या सरावात भूमिका करायला जायला लागलो. कधी कठड्याशी उभा राहिलेला पोरगा, कधी बायको-मुलांना कोंडून आत बसलेला नवरा. समोरच्या अंमलदाराने मला नुसतं बोलून बाहेर आणायचं. पलीकडच्या बाजूने इतकं ऐकल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माणूस मोठ्या मुद्द्यांवरून फारसा बिथरत नाही. बिथरतो तो एखाद्या ‘ए’वरून, ‘पण’वरून, ‘का’वरून.

‘तू’पासून सुरुवात

पोलिसी मराठी आदेशाची आहे: थांब, उतर, चल, नाव सांग. नाकाबंदीला ती चालते. कठड्यापाशी नाही.

सदाशिव पेठेत, नारायण पेठेत एमपीएससीसाठी आलेली पोरं बघा. लातूर, बुलढाणा, नंदुरबार, कुठून कुठून आलेली. घरमालक ‘ए’ म्हणतो, मेसवाल्या काकू ‘बाळा’ म्हणतात, अभ्यासिकेत तो खुर्चीचा नंबर असतो. चोविसाव्या वर्षी ज्याला कुणी ‘तुम्ही’ म्हटलेलं नाही, त्याला पोलिसाच्या तोंडून ‘तुम्ही’ ऐकू आलं की तो मान वळवून बघतो. सरावात मीच वळवली आहे. पुढे तो स्वतःच म्हणेल, ‘सर, तू म्हणा ना.’ मग खुशाल तू म्हणा. तुम्हीवरून तूवर येता येतं. उलटा प्रवास केला की साखर पेरल्यासारखं वाटतं.

ओळखही साधी करून द्या. ‘मी अमुक पोलीस ठाण्याचा पोलीस निरीक्षक बोलतोय’ यात पद आधी आणि माणूस कुठेच नाही. ‘माझं नाव संजय. पोलिसात आहे. तुमच्याशी बोलायला आलोय. तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ एवढं पुरतं. नाव कळलं की ‘दादा’, ‘ताई’ मागे घ्या आणि नावानेच बोला.

पुणेरी ‘हो का?’

ऐकतोय हे कळण्यासाठी अधूनमधून हुंकार द्यावा लागतो. आजी गोष्ट सांगताना ‘हं म्हण, नाहीतर मी थांबते’ म्हणायची, तेच हे. ‘हं’, ‘मग?’, ‘अच्छा’ उत्तम. धोका आहे तो ‘हो का?’मध्ये. आपल्या शहरात हे दोन शब्द सरळ अर्थाने वापरल्याचं मला तरी आठवत नाही. ‘बरं’चंही तसंच: खाली उतरणारा ‘बरं’ म्हणजे ऐकलं, लांबवलेला ‘बरंऽऽ’ म्हणजे टोमणा. मूळचा पुणेकर अंमलदार बोलायला असेल तर त्याने हे आधी घोटवून घ्यावं.

‘का’ नको, ‘पण’ त्याहून नको

‘असं का करताय?’ हा प्रश्न शाळेपासून आपल्याला गुन्हेगार ठरवत आला आहे. ‘आज काय झालं?’ म्हणा, तीच माहिती निघते.

‘मी समजू शकतो’ हे वाक्य मला भूमिकेतही चिडवतं. मी हमखास विचारतो, ‘काय समजलं, सांगा?’ आणि समोरचा गप्प होतो. समजलंय हे सांगायचं नसतं, दाखवायचं असतं. तो म्हणाला, ‘तिसऱ्यांदा मेन्समध्ये नापास झालो.’ तुम्ही एवढंच म्हणा, ‘तिसऱ्यांदा…’ आणि थांबा. पुढचं तोच सांगतो. किंवा भावनेला नाव द्या: ‘घरी काय सांगायचं याची लाज वाटतेय, असं दिसतंय.’ इथे मराठी आपल्या बाजूने आहे. आपल्याकडे राग येतो, लाज वाटते, कंटाळा येतो. भावना बाहेरून आल्यासारखी बोलली जाते, माणसावर ठपका बसत नाही. नाव चुकलं तरी बिघडत नाही. ‘लाज नाही हो, राग आहे’ असं तो दुरुस्त करतो, म्हणजे बोलायला लागलाच.

मात्र त्यानंतर ‘पण’ आला की सगळं पाण्यात. ‘तुमचा त्रास दिसतोय, पण…’ ऐकणाऱ्याला फक्त ‘पण’ ऐकू येतो. तिथे पूर्णविराम द्या.

‘आईबापाचा विचार कर’

ही चूक सगळ्यात मायेपोटी होते आणि सगळ्यात महाग पडते. तो आईबापाचाच विचार करून तिथे उभा असू शकतो. ‘मी ओझं आहे’ हेच त्याच्या डोक्यात असतं. तुम्ही त्यावर आणखी दगड ठेवता. आईला फोनवर आणण्याची घाईही नको. अनेकदा ज्याच्याशी भांडण झालं तोच ‘समजूत घालायला’ पुढे सरसावतो. नातेवाइकांना बाजूला बसवून माहिती घ्या, माइक देऊ नका.

उलट जे विचारायला सगळे कचरतात, ते सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात आहे का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. आडवळणाने ‘काही उलटंसुलटं करू नका’ म्हटलं की त्याला कळतं, हा शब्दही उच्चारू शकत नाही, माझं काय ऐकणार.

एका वेळी चार तोंडं

अशा माणसाला बोलून बाहेर आणण्याचं हे शास्त्र तसं जुनं नाही. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या ओलीस प्रकरणाचा शेवट रक्तपातात झाला. त्यानंतर, 1973 मध्ये, न्यूयॉर्क पोलिसांनी यासाठी वेगळं पथक उभं केलं. फ्रँक बोल्झ आणि मानसशास्त्रात डॉक्टरेट असलेला डिटेक्टिव्ह हार्वे श्लॉसबर्ग हे त्यामागचे दोघे. पथकाचं ब्रीद एवढंच: माझ्याशी बोल. पुढे एफबीआयने पाच पायऱ्यांचा जिना मांडला: ऐकणं, सहानुभूती, विश्वास, प्रभाव आणि शेवटी वर्तनातला बदल. आपले बहुतेक लोक थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात आणि मग ‘ऐकतच नाही हो तो’ म्हणतात.

त्या पद्धतीत बोलणारा एकच असतो. दुसरा शेजारी बसून ऐकतो आणि चिठ्ठ्या सरकवतो. ‘बहिणीचं नाव दोनदा आलं’ असली एक चिठ्ठी अर्धा तास वाचवते. निर्णय घेणारा अधिकारी बोलत नाही आणि बोलणारा निर्णय घेत नाही. त्यामुळे ‘साहेबांना विचारून सांगतो’ हे आपल्या प्रत्येक सरकारी खिडकीवर ऐकलेलं वाक्य इथे चक्क उपयोगाचं ठरतं. नकारही द्यावा लागत नाही आणि वेळ मिळतो. वेळ गेला की राग ओसरतो. घाई पोलिसांची नको आणि खाली मोबाइल वर धरून उभ्या असलेल्या गर्दीची तर नकोच. तिला आधी हटवा.

खोटं आश्वासन

‘काही केस होणार नाही, या तुम्ही.’ सोपं वाक्य, पण आधी खरं काय ते माहीत हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं कलम 309 नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर मात्र कलम 226 आहे. आणि कोणाला कोंडून ठेवलं असेल तर गुन्हा दाखल होणारच. तिथे ‘आत्तापर्यंत कुणाला इजा झालेली नाही, हे तुमच्या बाजूने आहे’ असं म्हणा, तेही ते खरं असेल तरच.

‘शरण या’ हा शब्दही टाळा, त्यात हार आहे. ‘बाहेर या’ म्हणा.

गाडी अडली तर

चुकीचं बोललात? ‘माझं चुकलं, परत सांगतो’ म्हणा. पोलिसाने चूक कबूल केली की समोरचा चकित होतो. तो गप्प झाला तर तुम्हीही थोडं गप्प राहा, दहा सेकंद मोजून. तो हिंदीत शिव्या देतो आणि मध्येच मैथिलीत किंवा कन्नडमध्ये पुटपुटतो? ती भाषा येणारा अंमलदार शोधा. माणूस रडतो त्या भाषेत त्याच्याशी बोलावं लागतं. ‘पाच वाजेपर्यंत…’ अशी मुदत त्याने दिली तर ती पुन्हा उच्चारू नका. बोलण्यात गुंतवून पाच वाजून जाऊ द्या.

तो ‘येतो’ म्हणाला की सर्वांत नाजूक मिनिट सुरू होतं. आधी कोणता पाय, हात कुठे, दारापाशी कोण उभं असेल, हे एकेक सांगा. एका सरावात मी कठड्यावरून उतरलो, तर दोन अंमलदारांनी आनंदाने माझी कॉलर धरली आणि एक जण म्हणाला, ‘आला ना शेवटी!’ नाटकातला असूनही मला परत वर जावंसं वाटलं. पुढच्या वेळी त्याच अंमलदाराने पाण्याची बाटली पुढे केली, टोपण उघडून. माझ्या हाताला कंप होता, हे त्याने पाहिलं होतं. प्रश्न एकही नाही. मी पाणी पीत असताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याने कागदावर लिहिला आणि विचारलं, ‘आत्ता लावायचा की चहा घेऊन?’