केळीचा क्राथोंग: सरळ तरंगणारा आणि कुजून जाणारा

थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुधा नोव्हेंबरात, थायलंडमध्ये लॉय क्राथोंग हा सण साजरा होतो. नदीची वर्षभराची क्षमा मागून दिवा लावलेला क्राथोंग, म्हणजे पानाफुलांची छोटी तरंगती परडी, पाण्यात सोडतात.

तळासाठी केळीच्या बुंध्याची १५ सेंमी व्यासाची, ४ सेंमी जाड चकती कापा. सोपटांतल्या हवेच्या पोकळ्यांमुळे ती तरंगते. काप तिरका गेला तर क्राथोंग कलतो आणि मग वरची कितीही सजावट व्यर्थ. बाहेरची सोपटं सुटू नयेत म्हणून कडेकडून मध्याकडे बांबूच्या चार काड्या आरपार खोचा.

पाकळ्यांना वेळ लागतो. ताजं पान दुमडलं की शिरांवर फाटतं. म्हणून ते ओल्या फडक्यानं पुसून तासभर उन्हात मऊ पडू द्या. तानी जातीच्या केळीचं पान चिवट असतं. मिळालं तर तेच घ्या. मधला दांडा काढून शिरांच्या दिशेनं ४ सेंमी रुंद, १६ सेंमी लांब पट्ट्या फाडा. पट्टीच्या मध्यावरून दोन्ही टोकं खाली वळवा, वर टोकदार शेंडा येईल. मग ती उभी दुमडा. अशा साधारण २४ पाकळ्या लागतात. प्रत्येक पाकळी आधीचीवर अर्धी चढवून चकतीच्या कडेला बांबूच्या बारीक काडीनं टोचा. टाचण्या सोप्या पडतात खऱ्या, पण पाकळ्या कुजल्यावर त्या पाण्यातच राहतात.

वर झेंडू किंवा ऑर्किड, मधोमध मेणबत्ती, शेजारी बुद्ध, धम्म आणि संघासाठी तीन उदबत्त्या. मेणबत्ती नुसती टेकवू नका. तिच्या बुडात काडी खोचून ती चकतीत रोवा आणि ज्योत पानांपासून लांब ठेवा.

थर्माकोलचा तळ टाळाच. पावाचा क्राथोंग मासे खातात हे खरं; पण बंदिस्त तळ्यात शेकडो सोडले तर उरलेला पाव सडतो, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासेच मरतात. बँकॉकमध्ये महापालिकेचे कर्मचारी क्राथोंग गोळा करतात, तेव्हा घरटी एकच पुरे.

सोडताना क्राथोंग दोन्ही हातांनी कपाळाशी धरा, क्षमा मागा आणि खालच्या पायरीवरून अलगद पाण्यावर टेकवा. उंचावरून टाकला तर उलटतो. पुढे जात नसेल तर त्याला ढकलू नका, मागचं पाणी हातानं हलवा.