इम्प्लिमेंट्स सीरियलायझेबल लिहिण्याआधी

जावामध्ये क्लासपुढे हे लिहिलं की त्याचे ऑब्जेक्ट फाइलमध्ये सेव्ह करून नंतर परत वाचता येतात. सगळ्यात आधी सीरियल व्हर्जन यूआयडी, म्हणजे क्लासच्या आवृत्तीचा ओळख-आकडा, स्वतःच्या हाताने लिहा. आकडा नुसता १ ठेवला तरी चालतो. हे काम मी पहिलं धरतो, कारण तो आकडा दिला नाही तर जावा तो स्वतः काढते, आणि त्या हिशेबात क्लासचं नाव, इंटरफेस, मेथड यांच्यासोबत फील्डचे मॉडिफायरसुद्धा (प्रायव्हेट, फायनल असे शब्द) येतात. सबक्लासला हवं होतं म्हणून मी एकदा एका फील्डचं प्रायव्हेट काढून प्रोटेक्टेड केलं, बस्स. त्यानंतर आधी सेव्ह केलेली एकही फाइल उघडेना. दर वेळी इन्व्हॅलिड क्लास एक्सेप्शन, म्हणजे फाइलमधला आकडा आणि क्लासचा आकडा जुळत नाही ही एरर. डेटा जागच्या जागी होता, आकडा तेवढा बदलला होता. नुसतं व्होलाटाइल जोडलं तरी हेच होतं. आकडा लिहिलेला असेल तर हे दोन्ही बदल बिनधास्त करा. जुन्या फाइली आधीच लोकांकडे गेल्या असतील, तर मात्र १ नको. जुन्या क्लासवर सीरियलव्हर (जावासोबत येणारं, हा आकडा काढून देणारं टूल) चालवा आणि निघेल तोच आकडा टाका.

मग एकेक फील्ड वाचत खाली या. प्रायव्हेट म्हणजे सुरक्षित, असं इथे धरू नका. प्रायव्हेट फील्डही लिहिलं जातं, आणि स्ट्रिंगमधला इंग्रजी अक्षरांचा पासवर्ड ती फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली तरी सरळ वाचता येतो. पासवर्ड, टोकन, डेटाबेस कनेक्शन, थ्रेड, सगळं ट्रान्झिएंट करा, म्हणजे ते फाइलमध्ये लिहिलंच जात नाही.

ट्रान्झिएंट लावलंत की परत वाचताना तिथे काय असेल, ते त्याच वेळी ठरवा. आपोआप येतं ते नल, शून्य किंवा फॉल्स. फील्डपुढे नवी अ‍ॅरेलिस्ट तयार करून ठेवली असली तरी नलच, कारण वाचताना या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतच नाही. ते फील्ड रीडऑब्जेक्टमध्ये, म्हणजे वाचताना जावा स्वतः बोलावते त्या मेथडमध्ये, भरा, आणि ती मेथड प्रायव्हेटच ठेवा. पब्लिक केलीत तर कंपायलर सहसा चकार शब्द काढत नाही आणि मेथड कधी चालतच नाही. हे काम कसं करायचं ते हॅशमॅपच्या (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणाऱ्या जावाच्या क्लासच्या) सोर्समध्ये बघा, मला तो कोड फार आवडतो. आतलं टेबल ट्रान्झिएंट आहे. फाइलमध्ये टेबलाऐवजी की आणि व्हॅल्यूच्या जोड्या जातात, आणि वाचताना टेबल नव्याने भरलं जातं, कारण टेबलातली जागा कीच्या हॅशकोडवरून ठरते, आणि दुसऱ्या जेव्हीएममध्ये (जावा प्रोग्राम जिच्यात चालतो त्या मशीनमध्ये) तो तोच येईल याचा भरवसा नसतो.

फील्ड नुसतं फायनल (एकदाच व्हॅल्यू घेणारं) असेल तर पुढे चला, ते नीट लिहिलं जातं. फायनल आणि ट्रान्झिएंट एकत्र दिसले तर थांबा: रीडऑब्जेक्टमध्येही त्याला व्हॅल्यू देता येत नाही. मी अशा वेळी फायनल काढतो.

स्टॅटिक फील्ड क्लासचं असतं, ऑब्जेक्टसोबत फाइलमध्ये जात नाही. पण त्याच रनमध्ये लिहून लगेच वाचलंत तर व्हॅल्यू मेमरीत असतेच, आणि ती फाइलमधून आली असं वाटतं. म्हणून लिहिणारा प्रोग्राम पूर्ण बंद करा आणि वाचणारा वेगळा चालवा.