क्रूझवर पासपोर्टात शिक्के गोळा करताय? या चुका टाळा

सात रात्री, पाच बंदरं, तीन देश; आणि घरी येऊन पासपोर्ट उघडावा तर आत फक्त मुंबई विमानतळाचे दोन शिक्के, जातानाचा आणि येतानाचा. क्रूझहून आलेल्यांची ही नेहमीची तक्रार. यात इमिग्रेशनवाल्यांचा आळस नसतो. जहाजाचं कामकाजच तसं चालतं, आणि ते आधी समजून घेतलं तर शिक्का कुठे मागायचा, कुठे मागायच्या फंदात पडायचं नाही आणि कुठला शिक्का पासपोर्टाच्या जवळपासही येऊ द्यायचा नाही, हे ठरवता येतं.

पहिली चूक: प्रत्येक बंदरात शिक्का मिळणार असं धरून चालणं

जहाज बंदराला लागण्याआधीच कंपनीने प्रवाशांची पूर्ण यादी, म्हणजे नाव, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक, त्या देशाच्या अधिकाऱ्यांकडे पोचवलेली असते. बंदरावरचा पोर्ट एजंट कागदपत्रं हाताळतो, अधिकारी यादी तपासतात, वाटलं तर जहाजावर चढून काही पासपोर्ट बघतात आणि मग क्लिअरन्स देतात. हा क्लिअरन्स माणसागणिक नसतो, अख्ख्या जहाजाला एकगठ्ठा असतो. त्यानंतरच ‘आता उतरायला हरकत नाही’ ही घोषणा होते. गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलावर, तुमचं क्रूझ कार्ड ‘टिंग’ करून स्कॅन होतं, ते जहाजाच्या हजेरीसाठी. तीन हजार माणसं सकाळी उतरून संध्याकाळी परत चढणार असतील तर एकेकाला काउंटरवर उभं करणं कुठल्याच बंदराला परवडत नाही.

म्हणून बंदरांचे दोन प्रकार मनात पक्के ठेवा. जिथे तुम्ही प्रवास सुरू करता किंवा संपवता तिथे नेहमीचं इमिग्रेशन होतं, पासपोर्ट अधिकाऱ्याच्या हातात जातो, आणि त्या देशात शिक्क्याची पद्धत असेल तर तो तिथे मिळतो. मधल्या थांब्यांवर बहुतेक वेळा काहीच होत नाही. नव्या देशातल्या पहिल्या बंदरावर कधीकधी समोरासमोर तपासणी होते. ती झाली तर शिक्क्याची आशा धरायला जागा आहे.

एक गंमत मात्र हमखास निसटते. आशियातल्या बऱ्याच सफरींवर जहाज सगळ्यांचे पासपोर्ट चढतानाच जमा करून घेतं. अशा वेळी अधिकारी जहाजावर बसून गठ्ठ्याने शिक्के मारतात आणि प्रवाशाला पत्ताही नसतो. पासपोर्ट परत मिळाला की पान अन् पान उलटून बघा.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारी क्रूझ हा देशांतर्गत प्रवास आहे. तिथे इमिग्रेशनच नाही, त्यामुळे शिक्क्याचा विषयच संपला.

दुसरी चूक: ज्यांनी शिक्के बंद केले त्यांच्याकडे शिक्का मागणं

हाँगकाँगने मार्च २०१३ पासून शिक्क्याऐवजी छोटी छापील चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. इस्राएलनेही २०१३ पासूनच शिक्क्याऐवजी सुटं कार्ड द्यायला सुरुवात केली. आपल्याकडून बरेच लोक क्रूझसाठी जातात त्या सिंगापूरने एप्रिल २०२० पासून परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टात शाईचा शिक्का मारणं थांबवलं. आता ई-पास ई-मेलवर येतो. मरीना बे क्रूझ सेंटरच्या काउंटरवर कितीही गोड बोललात तरी अधिकाऱ्याकडे द्यायला शिक्का नाही.

युरोपची पंचाईत नवी आहे. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन गटातल्या २९ देशांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून एंट्री-एक्झिट सिस्टीम टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि १० एप्रिल २०२६ ही पूर्ण अंमलबजावणीची तारीख ठरली. शिक्क्याची जागा चेहऱ्याच्या फोटोने आणि बोटांच्या ठशांनी घेतली. भारतीयांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, त्यामुळे आपल्याला सहसा फोटोपुरतंच थांबावं लागतं. क्रूझवाल्यांनी यात फारसं काही गमावलेलं नाही: ज्या क्रूझ प्रवाशांची सीमेवर तपासणी होत नाही त्यांच्या पासपोर्टात शिक्का मारू नये, हे शेंगेनच्या सीमा-संहितेत आधीपासून लिहिलेलं आहे. आयर्लंड आणि सायप्रस या व्यवस्थेत नाहीत, तिथे शिक्के चालूच आहेत. सायप्रसमधल्या लिमासोलहून जहाजात चढणार असाल तर ते तुमच्या पथ्यावर पडेल.

तिसरी चूक: भलत्या वेळी, भलत्याच माणसाकडे मागणं

गँगवेवरचा सुरक्षारक्षक, टूर गाइड, शटल बसचा ड्रायव्हर यांच्या हातात काहीच नसतं. शिक्का देऊ शकतो तो फक्त इमिग्रेशन अधिकारी, आणि तोही त्याची इच्छा असेल तर. क्रम असा ठेवा.

आदल्या संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर दोन प्रश्न विचारा: उद्याच्या बंदरावर समोरासमोर तपासणी आहे का, आणि माझा पासपोर्ट जहाजाकडे जमा असेल तर दिवसापुरता मिळेल का. पासपोर्ट देणार असतील तर सही करून घ्या आणि किती वाजेपर्यंत परत द्यायचा ते विचारून ठेवा. उतरताना पहिल्या गर्दीत घुसू नका. तास-दीड तासाने टर्मिनल ओसरलं की इमिग्रेशनची खिडकी उघडी आहे का बघा, पासपोर्ट बंदच हातात ठेवा आणि आधी तोंडाने विचारा. ‘नाही’ आलं तर आभार मानून निघा. दुसऱ्या खिडकीवर जाऊन पुन्हा तोच प्रश्न विचारणं आणि शिक्क्यासाठी नोट पुढे सरकवणं, दोन्ही अंगाशी येतं.

चौथी चूक, आणि सगळ्यात महाग: हौसेचा शिक्का खऱ्या पासपोर्टात

अर्जेंटिनातल्या उशुआयाच्या पर्यटन कार्यालयात ‘जगाचं टोक’ असा शिक्का मिळतो. अंटार्क्टिकातल्या पोर्ट लॉकरॉयला, १९४४ सालच्या ब्रिटिश तळाच्या जागी आज जे संग्रहालय आणि पोस्ट ऑफिस आहे, तिथेही मिळतो. ईस्टर बेटावर हांगा रोआच्या पोस्टात, मोनॅकोच्या पर्यटन कार्यालयात, पेरूत माचू पिचूला, इटलीच्या बंदरांवरून दिवसाच्या सहलीत गाठता येणाऱ्या सान मरिनोत पैसे भरून. यादी लांबवता येईल. शिक्के देखणे असतात, आणि बरेचदा काउंटरवर दोरी बांधून ठेवलेले असतात: हवा तिथे आपल्या हाताने मारून घ्या.

भानगड तिथेच आहे. यातला एकही शिक्का सीमेवरच्या अधिकाऱ्याने दिलेला नाही. पुढच्या प्रवासात विमान कंपनीचा कर्मचारी पासपोर्ट चाळतो तेव्हा त्याला तारीख असलेला, ओळखीचा नसलेला शिक्का दिसतो. ज्याला पुढच्या देशात प्रवेश नाकारला जातो अशा प्रवाशाला नेल्याबद्दल कंपनीला दंड भरावा लागतो, म्हणून शंका आली की तो बोर्डिंग नाकारणं पसंत करतो. माचू पिचूच्या शिक्क्यावरून प्रवाशांना विमानात चढू न दिल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत.

भारतीय पासपोर्टाच्या बाबतीत तर कायदाही बघायला हवा. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १७ नुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तो आपल्याकडे वापरायला असतो. कलम १२ प्रमाणे अधिकार नसताना त्यातल्या नोंदींत फेरफार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पेंग्विनचा शिक्का म्हणजे ‘नोंदींत फेरफार’ होतो का, यावर वाद घालता येईल. पण तो वाद विमान सुटायला तास उरलेला असताना चेक-इन काउंटरवर घालायची वेळ आणू नका.

जागेचाही हिशेब आहेच. आपलं साधं पुस्तक ३६ पानांचं. व्हिसाचा एक स्टिकर अख्खं पान खातो, आणि काही देश एक-दोन पानं पूर्ण कोरी मागतात. फार फिरणाऱ्यांनी नूतनीकरणाच्या वेळी ६० पानांचं पुस्तक घ्यावं. फी ५०० रुपयांनी जास्त आहे. पानं संपली म्हणून जादा पानं जोडून मिळत नाहीत, नवीनच पासपोर्ट काढावा लागतो.

मग करायचं काय: वेगळी वही

हौस भागवायला वही हा सगळ्यात धड मार्ग आहे, आणि तीही विचार करून घ्या. पासपोर्टाचं पान १२५ × ८८ मिलिमीटरचं. ए-६ वही त्याहून थोडी मोठी, खिशात मावते आणि मोठे शिक्केही पेलते. जपानी रेल्वे स्थानकांतले शिक्के चांगले तळहाताएवढे असतात, त्यांना लहान वही पुरत नाही. कागद कोरा, रेघा नसलेला, १२० जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप) किंवा त्याहून जाड. पातळ कागदावर शाई मागच्या बाजूला उतरते. गुळगुळीत चकचकीत कागद तर शाई पितच नाही, दुसऱ्या दिवशीही बोट लागलं की फराटा उठतो.

शिक्का मारताना वही सपाट टेबलावर ठेवा. उजवी-डावी पानं वरखाली असतील तर खालच्या बाजूला मासिक किंवा पुठ्ठा सरकवा, नाहीतर शिक्क्याची एक कड उमटत नाही. आधी रद्दी कागदावर एकदा मारून बघा. पॅडवर शाई जास्त असेल तर ते तिथेच कळतं. मग सरळ खाली, दोन सेकंद दाब, सरळ वर. शिक्का डोलवला की कडा दुहेरी येतात. पाच मिनिटं वही उघडी ठेवा आणि मिटताना मध्ये टिशू घाला. खाली पेन्सिलने बंदर आणि तारीख लिहा. बऱ्याच हौशी शिक्क्यांवर तारीखच नसते.

अमेरिकेतून अलास्काची क्रूझ करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी तर तयार सोय आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांची शिक्क्यांची खास पुस्तिका १९८६ पासून मिळते. स्कॅगवे बंदरात उद्यानाचं केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि ग्लेशियर बे मध्ये तर रेंजरच जहाजावर येतात, शिक्का घेऊन. पुस्तिका घरी राहिली तर कोऱ्या कागदावर घ्या आणि नंतर चिकटवा.

पोस्टाचा शिक्का हा आणखी एक भरवशाचा पर्याय. पोस्टकार्ड घ्या, स्थानिक तिकीट लावा, काउंटरवर देऊन हाताने शिक्का मारायला सांगा. डब्यात टाकलेल्या कार्डावर मशीनच्या पुसट रेघा येतात. जहाजाच्या रिसेप्शनवर दिलेलं कार्ड पुढच्या कुठल्याही बंदरातून पोस्टात पडू शकतं, मग शिक्का भलत्याच गावाचा. रोमजवळच्या चिविटावेक्किया बंदरातून रोमला गेलात तर व्हॅटिकनच्या डब्याला व्हॅटिकनचंच तिकीट लागतं, इटलीचं चालत नाही. छोट्या बंदरांतली पोस्टं रविवारी बंद असतात, वेळापत्रक आधी बघा.

शिक्क्याच्या नादात खरा कागद विसरणं

ज्या देशाने शिक्का बंद केला त्याने दिलेला कागद किंवा ई-मेल हाच तुमचा पुरावा. सिंगापूरच्या ई-पासमध्ये किती दिवस राहता येईल ते लिहिलेलं असतं. फोनमध्ये जपा आणि एक प्रिंट ठेवा. जपानमध्ये ठरावीक क्रूझ जहाजांच्या प्रवाशांना २०१५ पासून व्हिसाशिवाय उतरण्याची परवानगी मिळते, ती सुट्या कागदावर. तो जपून ठेवायचा आणि जाताना परत द्यायचा, वहीत चिकटवायचा नाही.

भूमध्य समुद्रात आणखी एक खाच. ग्रीसहून निघालेलं जहाज तुर्कस्तानच्या कुशादासीला जाऊन परत ग्रीक बेटावर येत असेल तर तुम्ही शेंगेनबाहेर पडून पुन्हा आत येता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा तिथे संपतो. बुकिंगआधी बंदरांचा क्रम बघा आणि व्हिसा मल्टिपल एंट्रीच मागा.

हौसेचा शिक्का आधीच पडला असेल तर

पहिली गोष्ट, खोडरबर, ब्लेड, व्हाइटनर, स्टिकर काहीही लावू नका. पान फाडणं तर अजिबात नाही. पुस्तक मध्ये शिवलेलं असतं, एक पान ओढलं की जोडीचं पान सुटतं. शिवाय पानांना क्रमांक आहेत, गहाळ पान लगेच कळतं. मुंबई विमानतळावर फाडलेल्या पानांवरून लोकांना अटक झालेली आहे, आणि त्यातल्या काहींचा हेतू घरच्यांपासून सहल लपवण्यापलीकडे काही नव्हता.

शिक्का कोपऱ्यात, लहान आणि चित्राचा असेल तर पुढच्या प्रवासात त्या सहलीचं क्रूझ बुकिंग आणि बिल फोनमध्ये ठेवा. विचारलं तर कुठून आला ते सरळ सांगा. व्हिसावर, अधिकृत शिक्क्यावर किंवा फोटोच्या पानावर पडला असेल तर थांबू नका, पासपोर्ट सेवा पोर्टलवर री-इश्यूचा, म्हणजे जुन्याच्या जागी नवीन पासपोर्टाचा, अर्ज करा. तिथे कारण निवडताना ‘पानं संपली’ आणि ‘खराब झाला’ यांत गल्लत करू नका. खराब पासपोर्टासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं आणि खोटं कारण देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. जुन्या पुस्तकात चालू व्हिसा असेल तर अर्जाच्या वेळी ते दाखवून रद्द केलेलं पुस्तक परत मागा, कारण नवीन पासपोर्टाबरोबर तेही घेऊन प्रवास करावा लागतो.