निर्माल्याची पिशवी: सागरी प्रदूषणावरील भित्तिचित्राची पूर्वतयारी

चित्र कुठे लागणार आणि तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातात त्या वेळी काय असणार, या दोन प्रश्नांची उत्तरे पेन्सिल उचलण्यापूर्वी वहीत लिहून ठेवावीत. ‘समुद्र वाचवा’ असे सगळ्यांना मिळून सांगणारे चित्र बहुधा कोणालाच उद्देशून नसते. पुढची यादी ठाणे खाडीकाठच्या वस्त्यांत गणेशोत्सवाच्या सुमारास लावायच्या एका भित्तिचित्रासाठी केली आहे. त्याचा विषय एकच आहे: देवापुढची फुले प्लास्टिकच्या पिशवीत भरून, गाठ मारून, ती पिशवी तशीच पुलावरून खाडीत सोडणे. फुले काही दिवसांत कुजतात. पिशवी राहते, आणि ओहोटीबरोबर तिची समुद्राची वाट सुरू होते. समुद्राचे प्रदूषण पुष्कळदा असे पुलाच्या कठड्यावरून सुरू होते. म्हणून समुद्र रंगवण्याआधी खाडी नीट पाहणे आवश्यक आहे.

त्यासाठी भरती-ओहोटीचे वेळापत्रक हाताशी ठेवून किमान दोनदा काठावर जावे, एकदा भरतीला आणि एकदा पूर्ण ओहोटीला. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल पाहिलेल्या वेळेवर विसंबून निघाल्यास चिखलाऐवजी पाणीच पाहून परतावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि ओहोटीही खोल जाते, तेव्हा भरतीने मागे टाकलेल्या कचऱ्याची रेघ सर्वांत स्पष्ट दिसते. तिवरांच्या, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीच्या झाडांच्या, रानात शिरू नये. तिथला चिखल फसवा आहे आणि आपल्या पायांखाली मुळे मोडतात. रस्त्याच्या कडेवरून किंवा धक्क्यावरून पाहावे. कोरड्या, मोकळ्या जागी एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दोरीने आखून त्यातली प्रत्येक वस्तू मोजावी आणि प्रकारानुसार नोंदवावी. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी होणाऱ्या आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनाची परंपरा १९८६ साली अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर अशाच मोजणीने सुरू झाली. मोजणी केल्याचा चित्रकाराला थेट उपयोग होतो: आपल्या काठावर जे सापडते तेच चित्रात येते, आणि जे नेहमी चित्रांत पाहिले म्हणून हाताला सवयीचे झाले आहे, ते गळून पडते.

सवयीच्या गोष्टींची एक वेगळी यादी करावी आणि तिच्याकडे संशयाने पाहावे. कचऱ्याचे तरंगते बेट तिच्यात पहिले असते. हवाई आणि कॅलिफोर्निया यांच्या दरम्यान पॅसिफिक महासागरात कचरा साचलेला विस्तीर्ण पट्टा आहे, हे खरे. पण त्यावर पाय ठेवून उभे राहता येईल असे बेट तिथे नाही. त्यात दूरदूर विखुरलेले तुकडे आहेत, आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग मासेमारीच्या जाळ्यांचा आहे. दुसरे असते कासव. कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येते ते प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले, आणि त्याच्या पाठीवरच्या मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना पाचाहून अधिक, बहुधा सहा ते नऊ, खवल्यांच्या जोड्या असतात. चित्रांत मात्र चारच जोड्यांचे हिरवे कासव सर्रास दिसते. कासव दाखवायचेच असेल तर खवले मोजून दाखवावे. आमच्या चित्रात ते नाही, कारण पुलावरून पडलेल्या पिशवीची पहिली गाठ कासवाशी पडत नाही, तिवराच्या मुळांशी पडते. रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) वगळले, पण वेगळ्या कारणाने. ठाणे खाडीतले रोहित पक्षी सर्वांना प्रिय आहेत, त्यांच्यामुळे २०१५ साली इथे अभयारण्य झाले आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण ते हिवाळी पाहुणे आहेत, गणपतीच्या दिवसांत काठावर त्यांचे थवे रंगवले तर काठावर राहणारा माणूस चित्रावरचा विश्वास तिथेच सोडून देईल.

चित्राचा गाभा मुळांत आहे, म्हणून सर्वाधिक वेळ त्यांच्या रेखाटनाला द्यावा. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते. त्यामुळे तिवराची आडवी मुळे जमिनीतून वर पेन्सिलीसारखी सरळ श्वसनमुळे काढतात आणि त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून झाड हवा घेते. एका झाडाभोवती अशी शेकडो मुळे उभी असतात. भरतीबरोबर आलेली पिशवी नेमकी यांच्यात अडकते, ओहोटीला त्यांच्यावर पसरते आणि चिखल धरून बसते. झाडाचे नाक झाकले जाते, असे शाळकरी मुलालाही सांगता येईल. अनेक चित्रकार खारफुटी म्हटले की खोडापासून कमानीसारखी उतरणारी आधारमुळे काढतात. ती कांदळाची, म्हणजे खारफुटीतल्याच दुसऱ्या झाडाची, तिवराची नव्हेत. दोन्हींची छायाचित्रे वेगवेगळ्या पाकिटांत ठेवावीत आणि किमान वीस कच्ची रेखाटने केवळ मुळे व पिशवी यांच्या नात्याची करावीत: गाठ वर आहे की बाजूला, पिशवी फुगलेली आहे की चिकटलेली, आतला झेंडू ओळखू येतो की नाही.

रंग ठरवताना मला झालेली एक चूक नोंदवून ठेवतो, कारण ती सहज होते. पूर्वीच्या एका चित्रात मी स्वच्छ समुद्र निळाशार आणि दूषित समुद्र मातकट तपकिरी दाखवला होता. बाजारात मासळी विकणाऱ्या एका मावशींनी ते पाहून विचारले, “आमचं पाणी तर कायमच असं असतं, मग ते घाणच म्हणायचं का?” त्यांचे बरोबर होते. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांचे पाणी गाळामुळे मुळातच गढूळ असते. ज्या गाळावर तिवरे उभी राहतात आणि ज्या पाण्यात कोलंबीची पिल्ले वाढतात, त्याला प्रदूषणाचा रंग देणे हा खाडीवर अन्याय आहे. उलट निळ्या, नितळ दिसणाऱ्या पाण्यातही पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिकचे कण असू शकतात. त्यामुळे गाळाचा करडा रंग इथे आपल्या बाजूचा आहे, हे पक्के करून मग रंगपेटी उघडावी.

रंगांची संख्या छपाईवरून ठरते, आणि छपाईचा निर्णय चित्राच्या आधी घ्यावा. प्लास्टिकविरुद्धचे चित्र फ्लेक्सवर छापू नये. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेले कापड. उत्सव संपला की ते छपरावर जाते, मग फाटून नाल्यात, आणि नाल्यातून याच खाडीत. कागदावर लॅमिनेशन केले तरी वर प्लास्टिकचाच पापुद्रा येतो. पावसाळ्यात कागद टिकत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर मांजरपाटावर स्क्रीन छपाई करणे आणि कापड आडोशाला लावणे हा मार्ग आम्हाला योग्य वाटला. छापखान्यात शाई पाण्यात मिसळणारी हवी, असे आधीच स्पष्ट सांगावे, कारण कापडावर वापरली जाणारी प्लास्टिसॉल नावाची शाई पीव्हीसीचीच असते. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी पडदी लागते, म्हणून दोनच रंग घेतले: चिखलाचा करडा आणि झेंडूचा केशरी. पिशवीला रंगच नाही, तिथे कोरे कापड राहते. ही मर्यादा चित्राला मानवली. मूळ चित्रासाठी ॲक्रिलिकऐवजी पोस्टर कलर वापरावेत, कारण ॲक्रिलिक सुकले की त्याचा प्लास्टिकचाच थर होतो आणि ब्रश धुतलेले पाणी मोरीतून पुढे जाते. सजावटीसाठी चमकी आणि थर्माकोल अर्थातच नको.

शब्द शेवटी लिहावेत, आणि थोडे लिहावेत. पिशवी टाकणारा माणूस श्रद्धेने आलेला असतो; निर्माल्य पायदळी येऊ नये एवढीच त्याची काळजी असते. त्याला गुन्हेगार ठरवणारे वाक्य, किंवा महाराष्ट्रात २०१८ पासून असलेल्या प्लास्टिकबंदीच्या दंडाची धमकी, त्याला चित्रापासून दूर नेईल. कोळ्यांकडे बोट दाखवणारी एकही रेघ असू नये. भरती-ओहोटीच्या ओढीत बांधलेल्या डोल जाळ्यात बोंबलाबरोबर हाच कचरा शिरतो आणि तो निवडत बसण्याचे काम त्यांच्याच वाट्याला येते. ‘फुले कलशात, पिशवी घरी परत’ हे चार-पाच शब्द आम्हाला पुरेसे वाटले. अक्षरे दहा पावलांवरून वाचून पाहावीत, आणि छापखान्याला फाइल देण्यापूर्वी फॉन्ट कर्व्ह करावेत, म्हणजे अक्षरांचे रेषाकृतींत रूपांतर करावे. नाहीतर तिथल्या संगणकावर जोडाक्षरे फुटतात आणि ‘निर्माल्य’ या शब्दातला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो.

गणेशोत्सवाच्या तोंडावर छापखाने मंडळांच्या कामात बुडालेले असतात, तेव्हा फाइल महिनाभर आधी द्यावी. त्यापूर्वी कच्चे चित्र तीन जणांना काही न सांगता दाखवावे: खाडीकाठी राहणारे कोणीतरी, रोज पुलावरून ये-जा करणारे कोणीतरी आणि आठ-दहा वर्षांचे एक मूल. त्यांनी जे पाहिले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. पिशवी जेलीफिशसारखी वाटली तर गाठ आणखी ठळक करावी. खाली उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा मुद्दाम कोरी सोडावी. जवळचा निर्माल्य कलश नेमका कुठे ठेवला आहे, हे त्या त्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी तिथे हाताने लिहायचे आहे. लावायला सुतळी न्यावी, आणि विसर्जनानंतर कोणते कापड कोण उतरवून आणणार त्यांची नावे वहीच्या त्याच पानावर आजच लिहून ठेवावीत.