चोर सोडून संन्याशाला फाशी: इंजिनचे सेन्सर तपासताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी माझी गाडी सिग्नलला थांबली की आरपीएमचा काटा वरखाली व्हायचा आणि पहिल्या गिअरमध्ये उचलताना झटके बसायचे. चेक लाइट पेटला म्हणून गॅरेजला नेली. स्कॅनरवर पी०१७१ कोड आला, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही खबर ऑक्सिजन सेन्सर देतो, म्हणून तोच बदलला गेला. आठवड्यात दिवा पुन्हा पेटला. शेवटी सापडली ती एअर फिल्टरकडून थ्रॉटल बॉडीकडे (एक्सलेटरने उघडणारी हवेची झडप) जाणाऱ्या रबरी पाइपच्या खालच्या बाजूची चीर. गाडी उचलताना इंजिन हलायचं, चीर उघडायची आणि एमएएफ सेन्सरने (आत येणारी हवा मोजणारा) न मोजलेली हवा आत जायची. जुना ऑक्सिजन सेन्सर खरं तेच सांगत होता.

कोड वाचून पार्ट मागवणे

कोडमध्ये पार्टचं नाव असलं तरी तो पार्ट खराब आहे, असा त्याचा अर्थ नसतो. तक्रार कुठून आली, एवढंच त्यातून कळतं. पी०१७१ आला की आधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा. इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते हा आकडा सांगतो. शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्म (मुरलेली) ट्रिम यांची बेरीज साधारण अधिक-उणे १० च्या आत असली तर काळजी नाही.

खरी गंमत हा आकडा दोन ठिकाणी बघण्यात आहे. एमएएफ असलेल्या गाडीत आयडलिंगला (इंजिन चालू, एक्सलेटर सोडलेला) बेरीज +२० आणि २,५०० आरपीएमला +५ आली, तर इंजिन कुठून तरी फुकटची हवा घेतंय. आयडलिंगला इंजिनला हवा थोडीच लागते, त्यामुळे ही उपरी हवा तिथे जास्त जाणवते. याउलट आयडलिंगला सगळं ठीक आणि चढावर आकडा वाढत गेला, तर टाकीतून पेट्रोल ढकलणाऱ्या फ्युएल पंपाचा दाब, पेट्रोलचा फिल्टर नाहीतर मळलेला एमएएफ बघा. ज्या गाडीत एमएएफ नसून फक्त एमएपी सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आहे, तिथे ही खूण इतकी स्पष्ट मिळत नाही. जास्तीची हवा तिथे दाबातच मोजली जाते, इसीयू त्या मापाने पेट्रोल देतो आणि बहुधा आयडलिंगचा आरपीएमच चढलेला राहतो.

चालता ऑक्सिजन सेन्सर मेलेला समजणे

नेहमीच्या झिर्कोनिया सेन्सरचं व्होल्टेज गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत नाचायला हवं. ते खालीच अडकलं असेल, तर एक्सलेटर झटकन दाबून बघा. ०.८ च्या आसपास उडी मारली तर सेन्सर जिवंत आहे, हवा खरोखरच जास्त आहे. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टचा जॉइंट गळत असेल, तर तिथून बाहेरची हवा ओढली जाऊनही हाच भास होतो. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पलीकडचा सेन्सर मात्र स्थिरच राहायला हवा. तो नाचत नाही म्हणून बदलणारे मी पाहिले आहेत. काही गाड्यांत झिर्कोनियाऐवजी वाइडबँड सेन्सर असतो, त्याला व्होल्टेजचे हे आकडे लागू नाहीत, तो स्कॅनरवरच तपासा.

पुस्तकातला आकडा सगळीकडे लावणे

चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी एमएपी बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत तो १०० किलोपास्कलच्या आसपास येईल, पुण्यात ९५ च्या आणि महाबळेश्वरला ८६-८७ च्या. पुण्यात पुस्तकातला १०१ दिसत नाही म्हणून सेन्सर बाद करू नका. इंजिन चालू केल्यावर गरम गाडीत आयडलिंगला तो साधारण ३० ते ४० वर उतरला पाहिजे.

थर्मोस्टॅट काढून टाकणे

“आपल्याकडे उन्हाळा, थर्मोस्टॅट कशाला?” हा सल्ला मला मनापासून खटकतो. थर्मोस्टॅट ही इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाण्यापासून अडवणारी झडप. ती नसली की हायवेवर इंजिन पुरेसं तापतच नाही, इसीयू जास्त पेट्रोल देत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि दोष कूलंट सेन्सरवर जातो. कूलंट सेन्सर तपासायचा तर रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे. कूलंट -४० अंश दाखवत असेल तर कपलर (सेन्सरला वायर जोडणारा प्लग) सुटलाय किंवा वायर तुटली आहे.

वायरिंगवर अत्याचार

सेन्सरच्या वायरला बल्बचा टेस्टर लावू नका, तो इतका करंट ओढतो की इसीयूला धोका पोचू शकतो. डिजिटल मल्टिमीटरच वापरा. वायरीला सुई टोचून व्होल्टेज बघणंही टाळा. कोकणच्या पावसात त्या भोकातून ओल शिरते आणि काही महिन्यांत तांबं हिरवं पडतं. कपलरच्या मागच्या बाजूने पातळ पिन सरकवा.

एकदम चार-पाच सेन्सरचे कोड आले, तर ते सगळे एका रात्रीत गेले नाहीत. अनेक सेन्सर ५ व्होल्टचा एकच पुरवठा वाटून घेतात. एक आतून शॉर्ट झाला की बाकीचेही कोसळतात. एकेक कपलर काढत मीटरकडे बघा, ज्याच्या काढण्याने ५ व्होल्ट परत येतात तो गुन्हेगार. कुठल्याच कपलरने फरक पडला नाही तर वायर बघा. पावसाळ्यात आडोशाला आलेल्या उंदरांनी ती कुरतडलेली असू शकते. अर्थिंगही तपासा: इंजिन चालू असताना सेन्सरची अर्थ वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यात ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

गार गाडीत क्रँक सेन्सर तपासणे

गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने मुकाट सुरू होते, तेव्हा क्रँक सेन्सरवर (इंजिनचं फिरणं मोजणारा) संशय घ्यावा. पण गॅरेजला पोचेपर्यंत ती गार झालेली असते आणि तपासणीत सगळं ठीक येतं. बंद पडलेल्या अवस्थेतच स्टार्टर मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. शून्य दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर. दोन वायरींच्या सेन्सरचा रेझिस्टन्स मोजता येतो. तीन वायरींचा हॉल सेन्सर ओहमवर मोजू नका, त्यातून काही कळत नाही.

कोड आधी पुसणे

कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठते: तेव्हाचा वेग, तापमान, लोड. कोड पुसला की ती जाते, बॅटरी काढली तरी जाऊ शकते. आधी मोबाइलवर फोटो काढा, मगच हात लावा. दुरुस्तीनंतर घाट किंवा हायवे धरून गाडी चालवा आणि ट्रिम पुन्हा बघा. माझ्या गाडीत नवा पाइप बसवल्यावर आयडलिंगची बेरीज +३ वर आली.