विंडोज, मॅक आणि लिनक्स: तिघांत एक फोल्डर कसा वापरायचा

लग्नाचा व्हिडिओ सहा जीबीचा, पेनड्राइव्ह बत्तीस जीबीचा, अर्ध्याहून जास्त रिकामा. तरी विंडोज म्हणतं, फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि तिथे एका फाइलची मर्यादा चार जीबी. एनटीएफएस केला तर मॅक वाचतं, पण त्यावर लिहीत नाही. एक्सफॅट केला की काम होतं, मात्र पेनड्राइव्ह घेऊन या खोलीतून त्या खोलीत चकरा मारणं काही सुटत नाही. घरात वायफाय आहे ना? मग एकदाच अर्धा तास खर्च करा.

तिन्ही प्रकारच्या कॉम्प्युटरना कळणारी एक भाषा आहे, एसएमबी. विंडोजची ती घरचीच. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्स या मॅकच्या आवृत्तीपासून तिलाच पहिली पसंती दिली. लिनक्सवर ती येते सांबा नावाच्या सॉफ्टवेअरमुळे. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेलने हे काम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतलं आणि एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेला शब्द शोधताना त्याला ‘सांबा’ सापडला. इडलीशी काही संबंध नाही.

फोल्डर विंडोजवर ठेवू. बाकीचे दोघे तिथे येतील.

आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा. ‘पब्लिक’ असेल तर विंडोज दार बंद ठेवतं आणि तुम्ही पासवर्डला दोष देत बसता. तिथेच खाली आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला या कॉम्प्युटरचा क्रमांक, दिसेल, समजा १९२.१६८.१.२०. तो कागदावर टिपून ठेवा. मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी: शेअरिंगसाठी वेगळा युजर. मी ती आधी टाळली होती. मॅकवरून जोडताना रोजचा चार आकडी पिन टाकत होतो आणि खिडकी नकारार्थी मान हलवावी तशी डावी-उजवीकडे हलत होती. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. म्हणून ‘अकाउंट्स’मधून ‘अदर युजर्स’मध्ये जा, मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचा एक युजर बनवा, नाव साधं आणि पासवर्ड दमदार.

मग डी ड्राइव्हवर (नसेल तर थेट सी वर) नवा फोल्डर करा. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘शेअरिंग’ टॅब, ‘शेअर’ बटण. नवा युजर निवडा आणि परवानगी ‘रीड/राइट’ द्या. शेजारच्या ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’च्या वाटेला जाऊ नका. त्या वाटेने गेलं की ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये वेगळी परवानगी द्यायची राहून जाते. मग फोल्डर दिसतो पण उघडत नाही.

मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबा. चौकटीत इंग्रजी लहान अक्षरांत एसएमबी, मग कोलन, उजवीकडे झुकलेल्या दोन रेघा आणि टिपलेला पत्ता, इंग्रजी आकड्यांत. ‘रजिस्टर्ड युजर’ निवडून नव्या युजरचं नाव-पासवर्ड द्या. लिनक्स मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एल दाबून हाच पत्ता टाका. डोमेनची चौकट आहे तशीच राहू द्या.

जोडलं नाही तर? दोन्ही मशीन एकाच वायफायवर आहेत का ते बघा. ‘गेस्ट’ वायफायवरची उपकरणं सहसा एकमेकांना दिसतच नाहीत. विंडोज झोपलं असेल तर फोल्डरही झोपतो. आणि काल चालत होतं, आज नाही, असं झालं तर बहुधा राउटरने पत्ता बदलून दिलाय. राउटरच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करून तो पक्का करा. कुणी ‘एसएमबी १ चालू कर, लगेच चालेल’ म्हणालं तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून.

मॅकवरून ठेवलेल्या फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा कोलन नको, विंडोजला ती चालत नाहीत. देवनागरी नावं मात्र खुशाल द्या. आणि फोल्डरमध्ये डॉट-डीएस-स्टोअर नावाची अनोळखी फाइल दिसली तर तो व्हायरस नाही. फोल्डरची मांडणी मॅक तिच्यात लिहून ठेवतं. पुसून टाका हवी तर, पुन्हा येईलच.